रॅम्प होता, पण उघडला नाही

पारिजातक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेली चौदा वर्षं मी व्हीलचेअरवर आहे. नोकरी करते, आणि शक्यतो बसनेच जाते, कारण रोज वेगळी गाडी करणं परवडत नाही.

परवाची गोष्ट. थांब्यावर लो-फ्लोअर बस आली. दारावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह. ड्रायव्हर खाली उतरला, "थांबा ताई, रॅम्प टाकतो" म्हणाला. त्या बसला हाताने उलटायचा रॅम्प असतो, म्हणजे दारातल्या जमिनीचाच एक पत्रा बिजागरीवर बाहेर पडतो. उचलायला त्यात एक खोलगट कडी असते. त्या खळग्यात माती, तिकिटांचे बोळे, कुणाची तरी केसांची पिन, सगळं ठासून बसलेलं. त्याने बोटांनी उकरलं, मग किल्लीने उकरलं. पत्रा केसभर हलला आणि परत बसला. बिजागरी गंजलेली. आतली माणसं घड्याळं बघायला लागली. चार मिनिटांनी मीच म्हटलं, दादा, राहू द्या.

मागून दोघं-तिघं पुढे आले. "उचलून ठेवतो की आत!" माझी खुर्ची बॅटरीची, माझ्यासकट दीडशे किलोच्या वर भरते. पण ती हलकी असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. अनोळखी हात काखेत घालून मला कुणी सामानासारखं उचललेलं नको असतं. त्यांच्या मनात चांगलंच होतं, मला माहीत आहे.

घरी आल्यावर डोक्यातून जाईना. बस घेताना कुणीतरी त्या रॅम्पचे पैसे मोजले. कारखान्यात कुणीतरी तो बसवला. मग तुटलं कुठे? म्हणून इथे विचारते: एकट्याने प्रवास करताना तुमचं नेमकं कुठे अडतं? आणि जिथे नीट चालतं तिथे ते कशामुळे चालतं? हळहळ नको, अनुभव लिहा.

पांढरीकाठी

पहिला प्रतिसाद माझाच. मला अजिबात दिसत नाही. माझी अडचण रॅम्पच्या आधी सुरू होते. आलेली बस कुठली, हेच कळत नाही. आतमध्ये पुढच्या थांब्याची घोषणा होते ती छान, पण थांब्यावर उभ्या माणसाला बसचा क्रमांक आणि दिशा ऐकू येईल असा बाहेरचा स्पीकर असेल तरच मी एकटा चढू शकतो. नाहीतर "ही कुठली हो?" असं हवेत विचारायचं आणि कुणीतरी उत्तर देईल याची वाट बघायची. तोवर बस गेलेली असते. आता विजेवरच्या बस आल्या. पूर्वी इंजिनाच्या आवाजावरून निदान मोठं काहीतरी आलंय एवढं कळायचं, आता तेही हळूहळू कळेनासं होतंय.

झुळूक

वाचतेय. पारिजातक, कडीतल्या त्या केसांच्या पिनेने गलबललं. तुम्ही हळहळ नको म्हणालात, म्हणून गप्प बसते.

मोजपट्टी

मी बसच्या आणि थांब्यांच्या आराखड्यांचं काम करतो, त्यामुळे थोडं आकड्यांत बोलतो.

लो-फ्लोअर बसची दारातली उंची साधारण ३२० ते ३४० मिलिमीटर असते. बस दाराच्या बाजूला झुकवता येत असेल तर आणखी ६०-८० कमी होते. समजा २६० उरली. थांब्याचा कठडा, म्हणजे पदपथाची कड, १६० मिलिमीटर उंच असेल आणि बस कठड्याला अगदी लागून उभी असेल, तर राहिले १००. एक मीटर लांब रॅम्पला हा उतार १:१० झाला, म्हणजे दहा भाग लांबीला एक भाग चढ, बहुतेकांना जमतो. आता तीच बस कठड्यापासून दूर, भर रस्त्यात उभी करा. रॅम्प थेट रस्त्यावर पडतो आणि २६० मिलिमीटरचा चढ एका मीटरमध्ये चढायचा. म्हणजे जवळजवळ १:४. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसच्या रॅम्पला १:६ पेक्षा जास्त उतार नको असं म्हटलंय आणि इमारतींसाठी तर १:१२ आहे. १:४ वर हाताने ढकलायची खुर्ची मागे उलटू शकते.

म्हणजे बस तीच, रॅम्प तोच, पण दीड हात इकडे की तिकडे थांबली यावर सगळा खेळ. जर्मनीतल्या कासेल शहरात यावर एक साधा उपाय निघाला, थांब्याच्या कठड्याच्या दगडालाच गोलसर आकार दिला. टायर त्याला घासला तरी खराब होत नाही आणि आपसूक सरळ होतो, म्हणून ड्रायव्हर न घाबरता गाडी कठड्याला चिकटवतो. तो दगड आता बऱ्याच देशांत वापरतात. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात सुंदर वस्तू आहे. यंत्र नाही, वीज नाही, बिघडायला काही नाही.

रोखठोक

वाईट वाटून घेऊ नका, पण दुसरी बाजूही यायला हवी. दिवसभरात किती व्हीलचेअरवाले बसने जातात? दोन? त्यासाठी प्रत्येक बस, प्रत्येक थांबा, प्रत्येक स्थानक बदलायचं? त्याच पैशात अपंगांसाठी घरापासून दारापर्यंत नेणाऱ्या वेगळ्या गाड्या ठेवल्या तर त्यांचीच सोय जास्त होणार नाही का? मी खरंच विचारतोय.

पारिजातक

रोखठोक, खरंच विचारलंत म्हणून खरंच उत्तर देते. मी तशा गाड्या वापरल्या आहेत. आदल्या दिवशी नोंदवायच्या. कुठे, किती वाजता, परत किती वाजता, सगळं आधी सांगायचं. आता ऑफिसात मैत्रीण म्हणाली "चल, जाता जाता चहा घेऊ", तर मी नाही म्हणायचं, कारण माझी गाडी साडेपाचला येऊन उभी राहणार. आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा नोंदणी कुठून आणू? ज्यांना बसथांब्यापर्यंतही जाता येत नाही त्यांना ती सेवा हवीच, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ती बसच्या जोडीला हवी, बसऐवजी नको.

आणि "किती जण येतात" याचं उत्तर वरच आहे. परवाच्या हिशेबात मी आलेच नाही. मी थांब्यावरून घरी गेले.

जुनीपानं

वेगळ्या गाड्या की सगळ्यांची बस, हा वाद जुना आहे. त्यातलं एक पान सांगतो.

५ जुलै १९७८. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. ब्रॉडवे आणि कोलफॅक्स हे दोन गजबजलेले रस्ते मिळतात त्या चौकात व्हीलचेअर वापरणाऱ्या १९ जणांनी दोन बस अडवल्या. काही जण खुर्च्यांतून उतरून बसपुढे रस्त्यावर आडवे झाले. रात्र तिथेच काढली, दुसऱ्या दिवशीही हलले नाहीत. बसमध्ये लिफ्ट हवी, एवढीच मागणी होती. त्यांची घोषणा "आम्ही बसने जाणारच" अशा अर्थाची होती. त्याच चौकात आज त्यांच्या नावांची पाटी आहे.

१२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर साठेक माणसं कुबड्या आणि खुर्च्या बाजूला ठेवून दगडी पायऱ्या हाताने, कोपराने सरपटत चढली. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. पुढे २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार आला, त्याचं नववं कलम सुगम्यतेवर, म्हणजे सगळ्यांना सहज पोहोचता-वापरता येण्यावर आहे आणि त्यात वाहतुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हा हक्क आहे, कुणाच्या मनाचा मोठेपणा नाही. तेव्हा रोखठोक, खर्चाचा प्रश्न जरूर विचारा, पण "कमीत कमी किती खर्चात, किती लवकर होईल" असा विचारा.

रोखठोक

मान्य. प्रश्न तसा मांडायला हवा होता.

हिरवळ

मला एक बोलायचंय, शिव्या खायची तयारी ठेवून. जुळी मुलं, दोघांची मिळून एक बाबागाडी. बसमध्ये ती उभी करायला एकच मोकळी जागा असते, व्हीलचेअरची. एकदा मी तिथे उभी असताना एक काका खुर्चीतून आले. मुलं नुकती झोपलेली. एकाला काखेत, दुसऱ्याला खांद्यावर घेऊन, चालत्या बसमध्ये गाडीची घडी कशी घालायची? मी हलले नाही. काकांनी ती बस सोडली. दोन वर्षं झाली, त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

जुनीपानं

हिरवळताई, हाच प्रसंग ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१२ साली डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ बसमध्ये चढू शकले नाहीत, कारण त्या जागेत बाबागाडी होती आणि आईने हलायला नकार दिला. २०१७ मध्ये निकाल लागला. ड्रायव्हरने एकदा विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, नकार अवाजवी वाटला तर त्याने आणखी पुढे जायला हवं. उदाहरणार्थ, जागा सोडावीच लागेल असं सांगणं किंवा काही मिनिटं बस थांबवून ठेवणं. मात्र प्रवाशाला खाली उतरवायलाच हवं, असं न्यायालयाने म्हटलं नाही.

पारिजातक

हिरवळ, शिव्या कशाला? तुम्ही दोन जिवांना सांभाळत होता. पण एक सांगते. त्या जागेत माझ्या खुर्चीला जी सोय आहे ती दुसरीकडे कुठेच नाही. तुम्हाला गैरसोय सोसून का होईना, पर्याय असतो. मला नसतो. आणि खरं भांडण आपल्या दोघींचं नाहीच. दोन जागा का नाहीत, हे विचारायला आपण एकत्र गेलं पाहिजे.

हिरवळ

येते. सांगा कधी.

मोजपट्टी

एक माहिती, बऱ्याच जणांना नसते. त्या जागेत मागे गादी लावलेली उंच पाठ असते. खुर्ची त्या पाठीला पाठ लावून, म्हणजे बसच्या मागच्या दिशेला तोंड करून उभी करायची. ब्रेक लागला की जोर गादीवर जातो, म्हणून पट्टे बांधावे लागत नाहीत आणि प्रवासी कुणाच्याही मदतीशिवाय बसू शकतो. लोक "ताई, इकडे तोंड करा, बाहेरचं दिसेल" म्हणून खुर्ची फिरवून देतात. कृपया फिरवू नका.

मऊमेण

मला कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र वापरते. फलाटावर घोषणा होते आणि अचानक सगळी गर्दी पळायला लागते. मी पण पळते. कुठे, का, काही माहीत नसतं. एकदा अशीच पळत दुसऱ्या फलाटावर गेले, लोक ज्या गाडीत चढले तिच्यात चढले, ती माझी नव्हतीच. बोर्डावर मात्र जुनाच फलाट झळकत होता. जे बोललं जातं ते त्याच क्षणी लिहूनही दिसायला हवं, एवढंच मागणं आहे. आणि पांढरीकाठींना जे लिहिलंय ते ऐकू यायला हवं. आमच्या दोघांची मागणी एकच आहे, फक्त उलटी.

पांढरीकाठी

मऊमेण, अगदी बरोबर! आपण दोघं एकत्र प्रवास केला तर एक पूर्ण प्रवासी होऊ :)

फलाटावरून आठवलं. पिवळ्या उठावदार फरशा सगळ्यांनी पाहिल्या असतील. त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा इथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. त्यांची भाषा दोन अक्षरांची: लांब पट्ट्या म्हणजे "चालत राहा", गोल ठिपके म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे". तळपायाला बुटातूनही कळतं.

आता माझा अनुभव. नूतनीकरण केलेल्या एका स्थानकात मी पट्ट्यांवरून निवांत चाललो होतो. काठीच्या टोकाला पट्टी लागतेय, पट्टी लागतेय, आणि एकदम कपाळ खांबावर. पट्ट्या सरळ खांबात घुसत होत्या. खांबाआधी ठिपके नाहीत, वळण नाही. कारागिराला रंगसंगती कळली होती, अर्थ कळला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलीने जाऊन फोटो काढले तेव्हा समजलं की पुढच्या वळणावर ठिपक्यांच्या जागी पट्ट्या आणि पट्ट्यांच्या जागी ठिपके होते. चुकीची फरशी ही नसलेल्या फरशीपेक्षा वाईट, कारण नसलेल्या फरशीवर मी विश्वास टाकत नाही.

झुळूक

लागलं का हो फार?

पांढरीकाठी

तीन टाके. आता बरं आहे. त्या फरशा मात्र अजून तशाच आहेत.

चिमणदाणे

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, स्वमग्न. त्याला सगळ्या बसचे क्रमांक, मार्ग, थांबे तोंडपाठ आहेत. घोषणेत थांबा चुकला तर हा मोठ्याने दुरुस्त करतो आणि अख्खी बस हसते, तोही हसतो. पण बसने अचानक मार्ग बदलला की सगळं कोसळतं. कान झाकून जमिनीवर बसतो. लोकांना वाटतं लाडावलेला आहे. त्याला रॅम्प नकोय. त्याला एवढंच हवंय की काही बदलणार असेल तर आधी सांगा आणि सोप्या चित्रात सांगा. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर स्वतःचं एक चित्र आहे. एका स्थानकाला टोळ, दुसऱ्याला घंटा. वाचता न येणाऱ्यालाही "टोळावर उतर" म्हटलं की पुरतं. माझ्या मुलाने ती सगळी चित्रं वहीत काढली आहेत.

पानगळ

न दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल कुणीतरी लिहील म्हणून थांबले होते, शेवटी मीच लिहिते. मला संधिवात आहे, वय एकतीस. राखीव जागेवर बसले की लोक खालून वर बघतात. एका आजींनी "आमच्या वेळी तरुण मुली उठायच्या" असं ऐकवलं. मी उठले. त्या दिवशी गुडघे इतके सुजले होते की उतरताना दांडा धरून रडले. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू झाली. ती गळ्यात दिसली की समजायचं, या माणसाला न दिसणारी काहीतरी अडचण आहे. आता बऱ्याच देशांत चालते. काहींना असं गळ्यात घालून मिरवणं पटत नाही, मलाही अर्धंच पटतं. पण त्या दिवशी माझ्याकडे ती असायला हवी होती.

भटकंतीवेडा

एक प्रश्न. वरती कुणी दिव्यांग लिहिलं नाही, सगळे अपंग लिहितायत. योग्य शब्द कोणता?

पारिजातक

मला अपंग चालतो, काहींना दिव्यांग आवडतो. ज्याच्याशी बोलताय त्याला विचारा. यावर वेगळा धागा काढूया, इथे नको.

मोजपट्टी

रोखठोक यांचा खर्चाचा मुद्दा मात्र सोडू नये, कारण उत्तर चांगलं आहे. नव्याने बांधताना सोय केली तर ती स्वस्त पडते, नंतर फोडून केली की महाग. फ्रान्समधल्या ग्रनोब्लमध्ये १९८७ साली ट्राम परत आली. तिथल्या अपंगांच्या संघटना आराखड्याच्या वेळीच आडून बसल्या, म्हणून ट्रामची जमीन खाली आणून फलाटाच्या बरोबरीला आणली गेली. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९९१ मध्ये बससाठी नळकांड्यासारखी स्थानकं उभारली. स्थानकाचा फलाट बसच्या जमिनीइतका उंच, तिकीट बाहेरच. दार उघडलं की पूल पडतो आणि सगळेच सरळ चालत आत जातात. खुर्चीवाला, आजोबा, सामानवाला, हिरवळताईंची जुळी. चढायला वेळ कमी लागतो म्हणून बस लवकर सुटते.

आता उलटं उदाहरण. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ ची, तेव्हा कुणी विचारच केला नव्हता. खटले लढल्यावर २०२२ मध्ये समझोता झाला, त्यानुसार लिफ्ट किंवा रॅम्प नसलेल्या स्थानकांपैकी ९५ टक्के स्थानकं २०५५ पर्यंत सुगम होतील. आज तिशीत असलेला माणूस तेव्हा साठी ओलांडलेला असेल.

पारिजातक

आणि लिफ्ट असून बंद असली तर? मागच्या वर्षी मी भुयारी स्थानकात उतरले, लिफ्टवर कागद चिकटवलेला: "दुरुस्ती चालू". मग परत गाडीत बसून पुढच्या स्थानकावर, तिथून वर, आणि मग पावणेदोन किलोमीटर रस्त्याच्या कडेने, कारण पदपथावर गाड्या उभ्या. गाडीत चढण्याआधी फोनवर कळलं असतं तर मी निघतानाच दुसरं स्थानक धरलं असतं. प्रवास साखळीसारखा असतो हो. घराचं दार, पदपथ, थांबा, बस, लिफ्ट, परत पदपथ. एक कडी गेली की सगळं गेलं.

सुकाणू

नमस्कार. रोज वाचतो, लिहीत नाही. मी बस चालवतो, एकवीस वर्षं झाली. मूळ प्रश्न मागे राहिलाय, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं, म्हणून लिहितो.

पारिजातकताई, तुमचा रॅम्प का उघडला नाही? तो आधी कधी उघडलाच नव्हता म्हणून. उघडत नाही म्हणून गंजतो. गंजतो म्हणून तुम्ही लोक येत नाही. तुम्ही येत नाही म्हणून कुणी उघडत नाही. हा फेरा आहे.

आमच्याकडेही असंच होतं. मग एकदा प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवणारे सर स्वतः व्हीलचेअरवर होते. त्यांनी रिकाम्या बसमध्ये मला खुर्चीत बसवलं, तोंड पुढे करून, आणि दुसऱ्या ड्रायव्हरला सांगितलं, रोज मारतोस तसाच ब्रेक मार. मी घसरत जाऊन दांड्यावर आपटलो. मग पाठ गादीला लावून बसवलं आणि परत ब्रेक. जागचा हललो नाही. सरांनी वेगळं काही समजावलं नाही, समजवायची गरजही पडली नाही. त्या दिवसापासून माझा पाय ब्रेकवर हलका पडतो.

त्यानंतर मी आणि आमचा एक फिटर, आम्ही दोघांनी डेपोत मागे लागून एक गोष्ट करून घेतली. सकाळी गाडी बाहेर काढताना दिवे, वायपर, हॉर्न तपासतो, त्या कागदावर आणखी एक ओळ वाढवली: रॅम्प एकदा पूर्ण उघडून बंद करणे. नाही उघडला तर गाडी बाहेर जाणार नाही. अर्धं मिनिट लागतं. खळगा जुन्या टूथब्रशने साफ होतो, बिजागरीला ग्रीस. कडीत अडकवायचा हुक मी दोरीला बांधून सीटशेजारी टांगलाय, म्हणजे बोटं घालावी लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात सात गाड्या अडल्या, आरडाओरडा झाला. महिनाभराने एकही नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. रॅम्प टाकून खुर्ची घ्यायला दोन-तीन मिनिटं जातात. उशीर झाला की जाब ड्रायव्हरला. मग काही जण लांबूनच खुर्ची बघून थांबा सोडतात. चूकच आहे ती, मी पाठीशी घालत नाही. पण ती दोन मिनिटं आमच्या नावावर लागणार नाहीत असं वरून लेखी आलं, तेव्हा थांबा सोडणं बंद झालं.

पारिजातक

सुकाणूदादा, डोळे भरून आले. चौदा वर्षांत एवढं नीट उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. तुमची ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. आमच्या डेपोत अर्ज देते.

रोखठोक

ग्रीस, टूथब्रश आणि कागदावरची एक ओळ. माझा खर्चाचा मुद्दा मी मागे घेतो. अर्ज लिहायला मदत लागली तर सांगा, ते माझं रोजचं काम आहे.

हिरवळ

अर्जात दोन जागांचंही घाला. माझी सही आहेच.

पांढरीकाठी

आणि बाहेरच्या स्पीकरचं.

पारिजातक

तीन आठवड्यांनी लिहितेय. अर्ज दिला, चौघं मिळून गेलो. रोखठोक यांनी मसुदा केला, हिरवळ मुलांना घेऊन आल्या. साहेबांनी अर्धा तास ऐकून घेतलं. रॅम्पच्या ओळीला हो म्हणाले, स्पीकरला "बघतो", दुसऱ्या जागेला नाही.

काल त्याच थांब्यावरून, त्याच मार्गाच्या बसमध्ये चढले. पत्रा कर्र असा आवाज करत पडला, पण पडला. जिथे उतरायचं तिथे थांब्यापुढे एक टेम्पो उभा होता, त्यामुळे रॅम्प रस्त्यावर पडला, मोजपट्टी म्हणतात तो १:४. पाठ रस्त्याकडे करून, खुर्चीचा दांडा घट्ट धरत, इंच इंच खाली आले. हात अजून दुखतायत.

मोजपट्टी

थांब्याचं नाव आणि टेम्पो उभा असण्याची वेळ कळवा. तिथला कठडा मी जाऊन मोजून येतो.

पारिजातक

वैयक्तिक निरोप पाठवलाय. सकाळी नऊ ते दहा तो तिथेच असतो.